समई लावायची की नाही? (इंदूर, २२ डिसेंबर, सोबत खिचडी)

जिरावण | ११ डिसेंबर, रात्री ९:४२

मंडळी, सल्ला हवा आहे. भांडण अजून झालेलं नाही, पण होईल अशी लक्षणं आहेत.

इंदुरात आमची चौदा-पंधरा घरं आहेत. बरीचशी मराठी, दोन माळवी, एक सिंधी आणि एक केरळी ख्रिस्ती घरातून आलेल्या बाई. देवाचं काय ते ज्याचं त्याने बघावं, पण माणसाचं माणसाने बघायला हवं, इतपत सगळ्यांचं एकमत. मानवतावादी म्हणा, नास्तिक म्हणा, शेजारी आम्हाला 'वो बिना पूजा वाले' म्हणतात. नोंदणी नाही, बॅनर नाही. सुरुवातीला एक सभागृह घ्यायला गेलो तर अर्जात 'समाज' असा रकाना होता. आम्ही 'मानव' लिहिलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "मानव म्हणजे गुजराती का?" तेव्हापासून आम्ही गच्चीवरच भेटतो.

पहिली दोन वर्षं डिसेंबरात व्याख्यानं ठेवली. विज्ञाननिष्ठा वगैरे. वक्त्यासकट अकरा डोकी, त्यातली दोन वक्त्याच्या घरची. तिसऱ्या वर्षी माझी आई म्हणाली, "तुमच्याकडे खायला काहीच नसतं का रे?" आणि धुंधुरमासाची आठवण काढली. धनुर्मास नेमका सोळा डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन संक्रांतीला संपतो. उजाडताना जेवायचं, एवढाच त्याचा मुद्दा. आम्ही नैवेद्य वगळला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं: मुगाच्या डाळीची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत, तिळाची चटणी. पहाटे साडेपाचला गच्चीवर चूल पेटते. दुपारी पोरांसोबत एक मीटरच्या काठीची सावली मोजायची, कारण २२ डिसेंबरला दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब. संध्याकाळी गराडू (माळव्यातला कंद) तळायचे आणि एकेकाने सरत्या वर्षात काय गमावलं, काय मिळालं ते सांगायचं. आता चाळीस-पंचेचाळीस माणसं होतात.

काठी आमचे अण्णा धरायचे. हयात बांधकामांवर मुकादमी केलेला माणूस, हाताला थरथर नाही. दरवर्षी सावली भरायची १ मीटर ७ सेंटीमीटर. अण्णा ऑगस्टमध्ये गेले.

आता काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणतात, यंदा चूल पेटवायच्या आधी मी घरची समई लावीन. बास, एवढंच. मंत्र नाही, आरती नाही. पण आमच्यातल्या एकाने सांगितलं, समई आली की मागोमाग सगळं येतं, लावणार असाल तर मी येणार नाही. दुसरा म्हणतो, टॉर्च लावा.

काय करावं? आणि तुमच्या गावी देवाशिवायची मंडळी हे दिवस एकत्र कसे घालवतात, तेही सांगा.

---

तिरफळ | रात्री ९:५०

समईच्या नादात खिचडीची कृती राहून गेली. आधी ती टाका.

---

निरीश्वर | रात्री १०:१५

तुमच्या त्या मित्राशी पूर्ण सहमत. मी पुण्यात पंचवीस वर्षं चळवळीत आहे. प्रत्येक कार्यक्रमात 'फक्त दीपप्रज्वलन' असतं. मग फक्त एक हार. मग फोटोला फक्त कुंकू. मग कोणीतरी फक्त नारळ आणतो. काकूंच्या दुःखाबद्दल आदर आहेच, पण दुःख व्यक्त करायला तेलवातच लागते का? अण्णांचा फोटो ठेवा, त्यांच्याबद्दल चार शब्द बोला.

आणि स्पष्ट सांगतो, धुंधुरमासही मला पटलेला नाही. व्रताचं जेवण वेगळ्या ताटात वाढलं म्हणून ते विवेकी होत नाही. आमच्याकडे अंनिसचे कार्यकर्ते ३१ डिसेंबरला चौकात दूध वाटतात, 'द दारूचा नव्हे, द दुधाचा'. त्याला निदान काही अर्थ आहे.

---

अडगळ | रात्री १०:२१

निरीश्वरजी, हिवाळ्यात भूक लागणं हे व्रत नाही, जठराग्नी आहे.
(दूध मात्र गरम असतं का? मग येतो.)

---

मोरारची मावशी | रात्री ११:०५

ग्वाल्हेरहून लिहिते. निरीश्वर, तुमचं तर्काने बरोबर असेल हो, पण एकदा डिसेंबरात इकडे या. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीवर तानसेन समारोह भरतो. १९२४ पासूनची परंपरा. संध्याकाळच्या मैफिली सगळ्यांना ठाऊक असतात, मी सांगते ते सकाळचं. आधी सनई, मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा, आणि त्याच मांडवात लागोपाठ मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. शेजारी सूफी मुहम्मद ग़ौसांचा मकबरा. माझे वडील ठार नास्तिक, पण ही सकाळ त्यांनी चाळीस वर्षांत चुकवली नाही. थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. ते मफलर गुंडाळून बसायचे आणि येताना आम्हाला गजक आणायचे. "देव ऐकायला नाही जात गं, माणसं एकमेकांचं ऐकून घेतात ते बघायला जातो," असं म्हणायचे.

आमचा पाच-सहा बायकांचा गट तेच करतो. सकाळी समाधी, चिंचेखाली चहा, मग कोणाच्या तरी घरी गजक कुटायला. तीळ आणि गुळाची चिक्की गरम असतानाच लाकडी हातोड्याने कुटावी लागते, थंड झाली की संपलं. ज्याचा हात दुखेल त्याने गाणं म्हणायचं, मग ते भजन असो की लावणी.

काकूंना समई लावू द्या.

---

दोन शून्य | १२ डिसेंबर, सकाळी ७:३०

समईचं तुम्ही बघा. माझा प्रश्न वेगळा: १ मीटर ७ सेंटीमीटर कसं येतं?

इंदूर २२.७ अंश उत्तरेला. २२ डिसेंबरला सूर्य २३.४ अंश दक्षिणेला. म्हणजे मध्यान्ही तो क्षितिजापासून ४३.८ अंशांवर असणार. एक मीटरच्या काठीची सावली १ मीटर ४ सेंटीमीटर यायला हवी. तीन सेंटीमीटर कुठून आले?

दुसरं, मोजता किती वाजता? घड्याळाचे बारा म्हणजे इंदुरात सूर्याचे बारा नव्हेत. त्या दिवशी तो तुमच्या डोक्यावरची उत्तर-दक्षिण रेघ १२:२५ च्या सुमारास ओलांडतो.

---

जिरावण | सकाळी ८:०५

@दोन शून्य, अण्णा बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी खडूने खूण करत आणि सगळ्यात आखूड खूण धरत. त्यामुळे वेळेचा घोळ नसावा. ७ च भरायचे. अण्णांनी धरलेली काठी वाकडी आहे असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

@मावशी, डोळ्यांत पाणी आणलंत.

@तिरफळ, कृती आईला विचारून टाकतो.

---

दोन शून्य | सकाळी ८:२०

काठीचं टोक उत्तरेकडे पावणेतीन-तीन सेंटीमीटर झुकलं असेल तर हिशेब जमतो. किंवा गच्चीचा उतार. पाणी जायचं भोक कोणत्या बाजूला आहे?

---

जिरावण | सकाळी ८:२२

उत्तरेला.

---

अडगळ | सकाळी ८:२४

तिकडे देव आहे की नाही याचा निकाल लागत नाही आणि इकडे गच्चीचा उतार सापडला. विवेकवादाचा विजय असो.

---

एडिसनची थंडी | सकाळी ९:४०

न्यू जर्सीहून. इथल्या मानवतावादी लोकांनी २००१ मध्ये एक सण चक्क तयारच केला. २३ डिसेंबरला असतो, नाव ह्यूमनलाइट. नाताळाच्या दोन दिवस आधीचा दिवस मुद्दाम निवडला, म्हणजे घरच्यांकडेही जाता येतं. सुरुवात न्यू जर्सीतच झाली, आता बाहेरही बरेच गट करतात.

आणि निरीश्वरजी, ऐका: मेणबत्त्या लावतात! बुद्धी, करुणा आणि आशा यांच्या नावाने. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही वाटलं, आरतीतून सुटून इथे आलो आणि परत ज्योतच? सगळं नीटनेटकं. मुलांना खेळ, कोणीतरी गिटार, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मी साबुदाण्याची खिचडी नेली, लोकांनी शेंगदाण्याची ॲलर्जी विचारून विचारून हैराण केलं.

खरं सांगू का, छान वाटलं पण चिकटलं नाही. तीन मेणबत्त्यांची नावं मला पाठ करावी लागली. धुंधुरमास पाठ करावा लागला नसता. नवा सण शिवता येतो, पण पहिली काही वर्षं तो नव्या कापडासारखा टोचतो.

---

पारवा | सकाळी १०:१०

या आठवड्यात नवीन सण शिवायची गरजच काय? कॅलेंडर बघा. २० डिसेंबर गाडगेबाबांचा स्मृतिदिन. २२ ला रामानुजन (१८८७). २४ ला साने गुरुजी (१८९९). २५ ला महाड, १९२७, मनुस्मृतीचं दहन. २६ ला बाबा आमटे (१९१४). ३ जानेवारीला सावित्रीबाई (१८३१). आपल्याकडे माणसांचाच एवढा मोठा सप्ताह आहे.

इंदूरकरांना तर महू पंचवीस किलोमीटरच्या आत. बाबासाहेबांचा जन्म तिथला, १४ एप्रिल १८९१. आम्ही काही जण २५ तारखेला सकाळी स्मारकावर जातो, तिथे कोणीतरी एक पान वाचतो आणि येताना पोहे खातो. भाषण नाही.

---

चष्मिष्ट | सकाळी १०:३२

२५ ला न्यूटनचाही वाढदिवस असतो. आम्ही होस्टेलवर त्याच नावाने केक कापायचो.

---

दोन शून्य | सकाळी १०:४०

इंग्लंडच्या तेव्हाच्या पंचांगाने २५ डिसेंबर १६४२. आजच्या पंचांगाने ४ जानेवारी १६४३. केक परत करा.

---

शेव कमी | सकाळी ११:५५

जिरावण, धागा काढलास ते बरं केलंस, पण आधी सांगायचंस तरी.

मंडळी, 'मी येणार नाही' म्हणणारा तो इसम मीच.

कारण लिहितो. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. आम्ही तेव्हा रामबागेत वाड्यात राहायचो. पुढच्या संक्रांतीला वाड्यात हळदीकुंकू होतं. मधोमध समई, भोवती पाट, बायकांची ये-जा. आईने सकाळपासून त्यांच्यासाठी दोन किलो तिळाचे लाडू वळले होते, कारण तिच्या हाताचा पाक कधी बिघडत नसे. लाडू आत गेले, आई बाहेर. ती जिन्याखाली पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहून आतून येणारे आवाज ऐकत होती. कोणी तिला हाकललं नव्हतं. हाकलायची गरजच नव्हती. मला दारातून फक्त ती समई दिसत होती, पाच वातींची, चांगली घासलेली. म्हणून मला समई नको असते. त्यात तत्त्वज्ञान काही नाही.

काकूंवर माझा राग नाही. अण्णांनी मला सायकल शिकवली आहे.

---

मोरारची मावशी | दुपारी १२:१०

लेकरा.

---

निरीश्वर | दुपारी १२:४०

मी वर जे लिहिलं ते तत्त्व म्हणून लिहिलं होतं. हे वाचल्यावर गप्प बसतो.

---

बडोद्याची सून | दुपारी २:१५

शेव कमी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. आमच्याकडचं सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

बडोद्यात आम्ही हळदीकुंकू मोडलं नाही, त्यातून हळद आणि कुंकू काढलं. पौषातल्या एका रविवारी 'तिळगूळ' एवढंच नाव. विधवा, परित्यक्ता, कुमारी, पुरुष, शेजारच्या मुस्लिम बायका, सगळ्यांना बोलावणं. पहिल्या वर्षी तीन विधवा बायका आल्या आणि तिघी भिंतीला टेकून दाराजवळ बसल्या. सवय! दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी, त्याही विधवाच, वाण वाटायचं काम स्वतःकडे घेतलं. वाटणारीला दारात बसता येत नाही ना, आत-बाहेर करावंच लागतं. ही युक्ती त्यांची. आता 'यंदा वाण काय आहे हो' म्हणून त्यांनाच फोन येतात.

दुसरा कार्यक्रम १६ जानेवारीचा. १४ ला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण, दोन दिवस अख्खं बडोदं धाब्यावर. पतंग आम्हीही उडवतो, उंधियू आणि जिलेबीही खातो, त्यात मागे नाही. पण १६ ला सकाळी झाडांवर, तारांवर मांज्याचे गुंते लटकलेले असतात आणि त्यात कबुतरं, घारी, कधी वटवाघळं अडकतात. आम्ही पंचवीसेक जण बांबूला आकडा बांधून निघतो. मांजा हाताने ओढायचा नाही, बोट कापतं. काठीवर शेवयांसारखा गुंडाळत आणायचा. विजेच्या तारेवरचा काढायचा नाही, तो त्यांच्या लोकांना कळवायचा. मागच्या वेळी चार गोण्या निघाल्या. पोरांना हे पतंगांपेक्षा जास्त आवडतं, कारण शेवटी कोणी किती मोठा गोळा केला याची स्पर्धा असते.

समईबद्दल: लावणारी कोण आहे ते बघा. तुमच्या काकू आता स्वतः विधवा आहेत ना?

---

पारवा | दुपारी २:४०

शेवटच्या वाक्याला +१.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं ते विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून. तिथे ज्याला जायचं होतं त्याला आत जाता यावं, एवढंच मागितलं. शेव कमींच्या आई जिन्याखाली उभ्या राहिल्या, तो दोष समईचा की पाट मांडणाऱ्यांचा?

---

शेव कमी | दुपारी ३:०५

दोष कोणाचा ते मला कळतं हो. डोळ्यांना कळत नाही.

---

गुळाची ढेप | दुपारी ३:३०

या वादात पडत नाही. मकर संक्रांत आणि २२ डिसेंबर यांचा संबंध कोणी सांगेल का? दिवस २२ पासून वाढतो, मग आजी 'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' का म्हणायची? आजी चुकली?

---

दोन शून्य | दुपारी ४:१०

आजी चुकली नाही, हे मलाही उशिरा कळलं.

आधी तारखेचं. संक्रांत नक्षत्रांवरून ठरते, ऋतू सूर्याच्या झुकण्यावरून. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळू फिरतो, त्यामुळे साधारण बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस जवळपास एकच होते. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं म्हणून लोक 'संक्रांत कोसळली' म्हणतात, पण त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली असणार.

आता आजीचं. आजी दिवस मोजायची पहाटेने, चुलीपाशी. इंदुरात २२ डिसेंबरला सूर्य ७:०३ च्या आसपास उगवतो आणि संक्रांतीला ७:१० ला, म्हणजे उशिरा! दिवस वाढत असतो, पण सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूला होते. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य ५:४० ला मावळतो, २२ डिसेंबरला ५:४७ ला. पहाट लवकर व्हायला लागते ती संक्रांत उलटल्यावरच. सकाळी उठणाऱ्या बाईला दिवस संक्रांतीनंतरच वाढलेला दिसणार.

---

गुळाची ढेप | दुपारी ४:१५

आजीला सांगायला ती हवी होती. धन्यवाद.

---

अडगळ | दुपारी ४:२०

म्हणजे निष्कर्ष असा की उशिरा उठणाऱ्याला उत्तरायण तीन आठवडे आधी मिळतं. मी पुण्यवान आहे.

---

मालवी मिरची | संध्याकाळी ६:००

मी जिरावणच्याच गटातली, त्या 'केरळी बाई'. तेरा वर्षं इंदुरात आहे, मराठी इथेच शिकले, चुका असतील तर गोड मानून घ्या. माझं नाताळाशी नातं शेव कमींच्या समईसारखंच आहे. चर्च सोडलं, पण २४ च्या रात्री व्हाइट चर्चच्या बाजूने स्कूटर गेली आणि आतून गाणं आलं की पाय ब्रेकवर जातो. पहिल्या वर्षी गटात मी प्लमकेक आणायला लाजत होते. अण्णांनी विचारलं, "तुमच्याकडे या दिवसांत काय खातात?" मी सांगितलं. "मग आण की." मी म्हटलं, हा धार्मिक केक आहे. ते म्हणाले, "पोटात गेल्यावर त्याला काय कळतं?" आता दरवर्षी दोन किलोचा करते, सुका मेवा नोव्हेंबरातच रसात भिजत घालते. मुलांना झाड हवं होतं, तर गच्चीवरच्या कढीलिंबाच्या कुंडीला दिवे लावतो. कामालाही येतं.

भिया, तू ये. समईकडे पाठ करून बस हवं तर.

---

काळा मिरा | संध्याकाळी ६:४५

थोडं कडू बोलतो. खिचडी, केक, सावली सगळं छान आहे, पण यात गटाबाहेरच्या माणसाला काय मिळालं? आमच्या गावात एक मंडळ थंडीत कांबळी वाटतं आणि एका कांबळ्याला सहा फोटो काढतं. तेही नको. पण मधलं काही?

---

जिरावण | रात्री ८:३०

@काळा मिरा, बरोबर पकडलंत. आम्हीही एक वर्ष कांबळी वाटली. सरवटे बसस्थानकाजवळ रात्री अकराला गेलो, तर एक म्हातारा म्हणाला, "कंबल तो तीन मिल गए बेटा, रखने की जगह नहीं है।" नाताळ ते एक तारीख सगळेच कांबळी वाटतात. त्याने मागितली काय, तर चपलेला शिलाई. तेव्हापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, वाटणारे संपल्यावर, आम्ही एक चर्मकार, एक शिवणयंत्र आणि चहाचं पिंप घेऊन बसतो. चेन तुटलेली जॅकेटं, उसवलेल्या पिशव्या, चपला. चर्मकाराला दिवसाची पूर्ण मजुरी देतो. फोटो नाही.

आईची कृती, @तिरफळ: चाळीस जणांना दोन किलो तांदूळ, तेवढीच मुगाची डाळ, दोन्ही आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरायचं. सकाळी तुपात जिरं, मिरे, आलं, हिंग, ओलं खोबरं. पाणी उकळतंच घालायचं. मिरची नाही, तिखटपणा मिऱ्यांचा. सैल ठेवायची. खिचडी घट्ट झाली तर तो दोष कुठल्याही विचारसरणीवर ढकलता येत नाही, असं आई म्हणते.

समईचं काकूंशी बोललो. धागाही वाचून दाखवला, शेव कमीचं धरून. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "त्याची आई पाक कसा करायची, त्याला आठवतं का?"

---

शेव कमी | रात्री ८:५२

गोळीबंद. पाण्यात थेंब टाकून बघायची, ताटलीवर वाजला पाहिजे.

---

संपादक | रात्री ९:१०

मंडळी, छान चाललंय. फक्त पानिपतावर नवा धागा काढा, दोन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

---

जिरावण | २३ डिसेंबर, रात्री १०:२०

वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

साडेपाचला गच्चीवर कडाक्याची थंडी. काकू समई घेऊन आल्या. एकच वात. लावली, हात जोडले नाहीत, तिथूनच कागदाचा बोळा पेटवून चुलीत घातला आणि समई कठड्याच्या कोपऱ्यात सरकवली. एका मिनिटाचं काम. वाऱ्याने ती सहाच्या आत विझली, परत कोणी लावली नाही. अण्णांबद्दल कोणी काही बोललं नाही. भाकऱ्यांचा पहिला घाणा करपला, कारण तो नेहमी त्यांच्या ताब्यात असे.

शेव कमी सव्वासातला आला, सूर्य वर आल्यावर. म्हणाला, "मी समईसाठी नाही, लोण्यासाठी आलोय." हातात डबा. तिळाचे लाडू, त्याने स्वतः केलेले. पाक जरा कच्चा राहिला होता, बोटाला चिकटत होते. काकूंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "अजून दोन मिनिटं ठेवायला हवा होता." तो म्हणाला, हो. मग दोघं चुलीपाशी बसून भाकऱ्या भाजत राहिली.

गराडूची गंमत वेगळीच. सोलताना हाताला तेल लावायला मालवी मिरची विसरली, दुपारपर्यंत खाजवत होती. तळल्यावर लिंबू आणि जिरावण मसाला (मी नव्हे, खरा) टाकून दोन किलो अर्ध्या तासात संपले.

आता @दोन शून्य, तुमच्यासाठी. काकूंनी अण्णांची पिशवी आणली होती. त्यातून ओळंबा आणि पाणसळ काढली. कडाप्प्याची फरशी खाली पाचर घालून सपाट केली, ओळंब्याने काठी उभी केली. काठी धरायला दहावीतली एक मुलगी. बारापासून खडूच्या खुणा. १२:२५ ला सगळ्यात आखूड. सावलीचं टोक कडक नसतं, दोन सेंटीमीटरभर पट्टा फिकट होत जातो, तर त्याच्या मधोमध धरलं. १ मीटर ४.

दोन वेळा मोजलं. चारच.

पोरं ओरडली, म्हणजे आठ वर्षं अण्णांची काठी वाकडी होती! सगळे एकदम गप्प झाले आणि काकूंकडे बघायला लागले.

काकू ओळंबा गुंडाळत म्हणाल्या, "मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे."